गोव्यातल्या घरासाठी ६५ इंची टीव्ही : निवड कशी केली आणि पावसाळ्यानंतर मत काय

मोठ्या पडद्याच्या टीव्हीची चौकशी सुरू केली की पहिला प्रश्न कंपनीचा निघतो आणि दुसरा किमतीचा. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारायचे आहेत. संच कोणत्या भिंतीशी राहणार, त्या भिंतीसमोर उजेड कुठून येतो, बसायची जागा किती फुटांवर आहे आणि त्या पडद्यावर दिवसातले बहुतेक तास काय चालणार, एवढे ठरले की बाजारातले निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात. डिचोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर ३२ इंची टीव्हीच्या जागी ६५ इंची मिनी-एलईडी संच आला. तो निवडताना काय पाहिले आणि पावसाळा उलटल्यावर त्याच्याविषयी काय मत झाले, ते येथे मांडतो. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच वर्गातले संच अनेक कंपन्या विकतात, मॉडेल दरवर्षी बदलते, आणि वाचकाच्या हाती उरण्यासारखी गोष्ट निवडीची रीत ही आहे.

आधी उजेडाचे पाहू, कारण आमच्या निवडीचा निकाल मुख्यतः त्यानेच लावला. गोव्यातल्या जुन्या हिंदू घरांत मधोमध राजांगण, म्हणजे वरून उघडा चौक, असतो आणि बैठकीची खोली त्याच्या बाजूला मोकळी असते. ऊन डोक्यावर आले की राजांगणातला उजेड थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचतो, आणि पावसाळ्यात आभाळ भरलेले असतानाही ढगांतून येणारा पसरट पांढरा उजेड दिवसभर हटत नाही. दारे लावून, पडदे ओढून टीव्ही पाहावा म्हटले तर दमट हवेत जीव कासावीस होतो, त्यामुळे तो उपाय फार वेळ टिकत नाही. पणजी, पर्वरी किंवा मडगावच्या नव्या सदनिकांत राजांगण नसले तरी बाल्कनीचे काचेचे सरकते दार असते आणि बऱ्याचदा टीव्हीची जागा नेमकी त्याच्यासमोर काढलेली असते, अडचण तीच. अशा खोलीत पडदा किती प्रखर होऊ शकतो आणि समोरच्या दाराचे प्रतिबिंब किती दडपू शकतो, हे आधी पाहावे लागते. काळा रंग किती गडद दिसतो, हा प्रश्न रात्रीचा आहे.

बाजारात आज जे मोठे संच मिळतात त्यांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. एका वर्गात एलसीडी पडदा आणि त्याच्या मागे एलईडी दिवे असतात. दुसऱ्या वर्गात ओएलईडी, ज्यात प्रत्येक चित्रबिंदू स्वतःच प्रकाशतो आणि काळे दाखवायचे असेल तेथे पूर्ण विझतो. क्यूएलईडी हे नाव ऐकायला ओएलईडीसारखे वाटत असले तरी तो पहिल्याच वर्गातला संच आहे. मागच्या दिव्यांचा प्रकाश क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या थरातून नेल्यामुळे त्याचे रंग अधिक शुद्ध येतात, इतकेच. या कणांच्या शोधाला आणि निर्मितीला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा तंत्र मोलाचे आहे यात शंका नाही. पण पाटी पाहून संच वरच्या दर्जाचा मानण्याचे कारण नाही, कारण रंगांचा थर चांगला आणि मागचे दिवे मात्र मंद, असे स्वस्त क्यूएलईडी संच भरपूर आहेत. खरा फरक दिव्यांच्या मांडणीत पडतो. काही संचांत दिव्यांची पट्टी फक्त काठाला असते आणि तेथून प्रकाश पडदाभर पसरवला जातो. संच सडपातळ होतो, पण उष्णता एका कडेला साठते आणि चित्रात कोठे उजळ, कोठे मंद असे पट्टे दिसू लागतात. काही संचांत दिवे पडद्याच्या संपूर्ण पाठीमागे मांडलेले असतात. मिनी-एलईडीमध्ये हे दिवे अगदी बारीक आणि हजारोंच्या संख्येने असतात, त्यांचे शेकडो विभाग पाडलेले असतात, आणि चित्राचा जो भाग काळा आहे त्यामागचा विभाग मंद केला जातो. साध्या एलईडी संचाची प्रखरता ३०० निट्सच्या (निट हे प्रखरतेचे एकक) आसपास असते, तर चांगल्या मिनी-एलईडीची १००० निट्सच्या वर जाते. दुपारी बारा वाजता राजांगणाचे दार उघडे ठेवून टीव्ही पाहणाऱ्या घराला हा फरक आकड्यांतून वाचावा लागत नाही, डोळ्यांनाच कळतो.

ओएलईडी सोडून देणे मात्र सोपे नव्हते. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो आणि नोव्हेंबरात पणजीला रांगा लावण्याची सवय आमच्या घरात दोघांना आहे; ज्यांनी चित्रपटगृहाच्या अंधारात चांगली प्रत पाहिली आहे त्यांना रात्रीच्या प्रसंगातला राखाडी काळा रंग सहन होत नाही. रात्री दिवे मालवून पाहायचे असेल तर ओएलईडीला आजही तोड नाही, आणि ज्यांची टीव्हीची खोली वेगळी व अंधारी आहे त्यांनी तोच घ्यावा, असे मी निःशंकपणे सांगेन. आमच्याकडे दोन गोष्टी आड आल्या. पडद्याचा मोठा भाग पांढरा किंवा उजळ असतो तेव्हा ओएलईडीची प्रखरता खाली येते, आणि आमचा दिवसाचा उजेड त्याला झेपणारा नाही. दुसरी गोष्ट बाबांची. सकाळी वर्तमानपत्र संपले की मराठी वृत्तवाहिनी लागते ती दुपारच्या जेवणापर्यंत चालू असते. खाली सरकत्या मथळ्यांची लाल पट्टी, कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह, वर 'ब्रेकिंग'ची चौकट, सगळे तासन्‌तास एकाच जागी. ओएलईडीतले चित्रबिंदू वापराप्रमाणे झिजत असल्याने अशी स्थिर चित्रे कालांतराने पडद्यावर डागासारखी उमटून राहू शकतात. नव्या संचांत चित्र किंचित सरकवण्याच्या आणि पॅनेल आपोआप स्वच्छ करण्याच्या सोयी आहेत, धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. परंतु बातम्यांची ही मात्रा रोजची असेल तर एवढी किंमत मोजून वडिलांच्या हातातला रिमोट काढून घेण्याची वेळ कशाला आणावी?

मिनी-एलईडी घेताना जे हातचे जाते ते आधी ठाऊक असलेले बरे. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर एखादीच उजळ वस्तू असेल तर तिच्याभोवती फिकट धूसर वलय दिसते, कारण दिव्यांचा विभाग चित्रबिंदूपेक्षा कितीतरी मोठा असतो. परदेशी चित्रपटांची पांढरी उपशीर्षके काळ्या पट्ट्यावर येतात तेव्हा ते विशेष जाणवते. शिवाय बहुतेक मिनी-एलईडी संच व्हीए प्रकारच्या पॅनेलचे असतात. समोरून त्यांचा काळा रंग चांगला गडद दिसतो, पण बाजूला बसणाऱ्याला रंग फिके आणि धुवट दिसतात. आयपीएस पॅनेलचे उलट आहे : बाजूने चित्र टिकते, समोरून काळा रंग राखाडीकडे झुकतो. चतुर्थीला घर भरलेले असते, माणसे भिंतीकडेने बाकांवर, चटईवर, दारापाशी बसलेली असतात, आणि तेव्हा आमच्या संचाची ही मर्यादा उघडी पडली. एरवी घरातली चार-पाच माणसे समोरच बसतात, म्हणून आम्ही ती पत्करली. ज्या घरात बैठक मुळातच काटकोनात मांडलेली आहे, त्या घराने येथे वेगळा कौल द्यावा.

आकाराचा विषय लोक फार अंदाजाने सोडवतात, तो मोजपट्टीने सुटतो. ६५ इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप आहे. त्याची रुंदी सुमारे १४४ सेंटिमीटर आणि उंची सुमारे ८१ सेंटिमीटर भरते. ५५ इंचीपेक्षा त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी जास्त आहे, आणि आमच्या जुन्या ३२ इंचीच्या तर चौपटीहून थोडे अधिक. पडद्याने बघणाऱ्याच्या नजरेत साधारण ३० अंशांचा कोन व्यापावा आणि चित्रपटगृहासारखे वाटायला हवे असेल तर ४० अंशांचा, हा या क्षेत्रातला रूढ संकेत आहे. त्या हिशेबाने ६५ इंचीसाठी बैठक २ मीटर ते २.७ मीटर अंतरावर यावी. ३० अंशांसाठी ५५ इंचीला २.३ मीटर पुरतात, तर ७५ इंचीला ३.१ मीटर लागतात. आमची बैठक भिंतीपासून नऊ फुटांवर, म्हणजे जवळपास २.७ मीटरवर असल्याने ६५ इंची अचूक बसला. खरेदीपूर्वी वर्तमानपत्राची पाने जोडून १४४ बाय ८१ सेंटिमीटरचा कागद भिंतीवर चिकटवून ठेवावा आणि दोन-चार दिवस तो तसाच राहू द्यावा. घरातल्या मंडळींचे मतभेद त्या कागदापुढेच मिटतात. आणखी एक हिशेब दुकानात कोणी सांगत नाही. सर्वसाधारण चांगल्या नजरेला ६५ इंची ४के पडद्याचे चित्रबिंदू सुमारे १.३ मीटरच्या पलीकडे सुटे दिसत नाहीत, आणि त्याच आकाराच्या फुल एचडी चित्राचे बिंदू सुमारे २.६ मीटरच्या पलीकडे. नऊ फुटांवर बसणाऱ्याला याहूनही बारीक चित्रबिंदूंचा ८के संच विकणारा माणूस त्याला काहीही दिसणार नाही अशा गोष्टीचे पैसे मागत असतो.

आता पडद्यावर काय चालणार हे पाहू, कारण मोठ्या पडद्याविषयी निराशा होते ती बहुतेक वेळा येथेच. ४के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख चित्रबिंदू असतात. साध्या, एचडी नसलेल्या वाहिनीचे चित्र ७२० बाय ५७६ चे, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदूंचे. याचा अर्थ पडद्यावरच्या दर वीस बिंदूंपैकी एकाचीच माहिती बाहेरून येते आणि उरलेले एकोणीस संचातील प्रोसेसर अंदाजाने भरतो. ३२ इंची पडद्यावर जी वाहिनी स्वच्छ वाटत होती ती ६५ इंचीवर पुसट, कडा फुटलेली दिसते, त्यात टीव्हीचा दोष नसतो. डीडी फ्री डिश वापरणाऱ्या घरांना हे अधिक जाणवेल, कारण तिच्यावरच्या बहुसंख्य वाहिन्या अजून साध्या दर्जाच्या आहेत. केबलवाल्याकडून किंवा डीटीएचवरून निदान रोजच्या वाहिन्यांचे एचडी रूप घेणे, आणि सेट-टॉप बॉक्स जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने न जोडता एचडीएमआयने जोडणे, हे दोन उपाय संचाच्या किमतीच्या मानाने फुकटात जमा आहेत. ओटीटीवरचे ४के चित्र पाहायचे तर नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग सुचवते आणि त्यासाठी त्याची सर्वांत वरची योजना लागते. वेग असला तरी चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) दीड-दोन फूट जाडीच्या भिंतींतून वाय-फाय पलीकडच्या खोलीत धड पोचत नाही. आम्ही वसरीतल्या राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढून घेतली. बहुतेक टीव्हींचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचेच असते, पण १५ च्या गरजेला ते पुरून उरते.

दुकानातली पाहणी म्हापशात केली, शुक्रवारचा बाजार टाळून. दुकानात प्रत्येक संच 'व्हिव्हिड' नावाच्या भडक मांडणीत लावलेला असतो आणि त्यावर कंपनीनेच दिलेले पोपट, फळे, नाही तर समुद्राखालचे मासे फिरत असतात. वरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडात जो संच सर्वांत भडक तो सर्वांत चांगला वाटतो. म्हणून स्वतःचा पेनड्राइव्ह न्यावा. आमच्या पेनड्राइव्हमध्ये गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकाचे चित्रण होते : मागे काळा पडदा, रंगमंचावर एकच पात्र, त्याच्यावर झोत. दिव्यांच्या विभागांची इतकी कडक परीक्षा कंपनीच्या कोणत्याही नमुन्यात होत नाही. एका संचावर त्या पात्राभोवती धुक्यासारखे वलय इतके पसरले की मागचा पडदा राखाडी झाला, शेजारच्या संचावर वलय जेमतेम दिसत होते, आणि दोघांच्या खोक्यांवर मिनी-एलईडी हाच शब्द छापलेला होता. दिव्यांचे विभाग किती, हे माहितीपत्रकात असेल तर वाचावे, नसेल तर असे डोळ्यांनी तपासावे. दुसरे चित्रण फुटबॉल सामन्याचे. गोव्यात ते घरोघरी लागतेच, पण त्याचा वेगळाच उपयोग असा की कॅमेरा हिरव्या मैदानावरून आडवा फिरतो तेव्हा पॅनेलमधले उभे काळपट पट्टे किंवा मळकट डाग लगेच उघडे पडतात. विक्रेत्याला चित्राची मांडणी 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करायला सांगावी, मग त्याच मांडणीत संच एकमेकांशी ताडून पाहावेत. आम्हाला भेटलेल्या विक्रेत्याने हे सगळे न कुरकुरता करू दिले. एका दुसऱ्या दुकानात मात्र पेनड्राइव्ह लावायला नकार मिळाला आणि आम्ही तेथून निघालो.

खेळ पाहणाऱ्यांनी रिफ्रेश दराकडेही पाहावे. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यापेक्षा १२० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर चेंडूमागची फरफट कमी दिसते. पेटीवर 'मोशन रेट २४०' यांसारखे जे मोठे आकडे असतात ते कंपनीच्या स्वतःच्या परिमाणातले, त्यांच्यावर जाऊ नये, पॅनेलचा मूळ दर विचारावा. चित्र गुळगुळीत करणारी 'मोशन स्मूदिंग' ही सोय फुटबॉलला बरी, चित्रपटाला घातक, कारण तिच्यामुळे सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. ती कोठून बंद होते ते संच घरी आल्या दिवशीच शोधून ठेवावे.

एचडीआरच्या, म्हणजे चित्रातले उजळ आणि गडद भाग अधिक तपशिलाने दाखवणाऱ्या तंत्राच्या, बाबतीत फार खोलात जायला नको. एचडीआर१० हे त्याचे मूळ रूप सर्वत्र असते. डॉल्बी व्हिजन हे दुसरे रूप हवे असेल तर सॅमसंग आजवर ते आपल्या टीव्हींत देत आलेली नाही आणि तिचा भर एचडीआर१०+ वर आहे, इतके लक्षात ठेवले तरी पुरे. पडद्याची प्रखरताच ३०० निट्सची असेल तर पेटीवर कोणतेही चिन्ह छापलेले असो, एचडीआरचा लाभ जवळपास नाहीच.

आवाज ही या संचाची सर्वांत कच्ची बाजू. संच सडपातळ, स्पीकर खालच्या कडेला आणि तोंड जमिनीकडे, त्यात आमची जमीन गुळगुळीत लाल सिमेंटची आणि वर कौलारू छप्पर. शब्द खोलीभर घुमतात आणि आईला संवाद कळत नाहीत. पार्श्वसंगीत मोठे, बोलणे बारीक अशी मालिकांची रीत असल्याने आवाज वाढवूनही उपयोग होत नाही. शेवटी मधला स्वतंत्र स्पीकर असलेला साउंडबार एचडीएमआय ईआर्कने (टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरकडे नेणाऱ्या जोडणीने) जोडला, कारण बोलण्याचा आवाज त्या मधल्या स्पीकरमधून येतो आणि तेवढाच वाढवता येतो. टीव्हीचे अंदाजपत्रक आखताना या साउंडबारची रक्कम आधीच बाजूला काढावी, आणि त्यासाठी गरज पडल्यास टीव्ही एका पायरीने स्वस्त घ्यावा. घरात वयस्क माणसे असतील तर हा सल्ला मी आग्रहाने देईन.

गोव्यातल्या घरांचा खरा प्रश्न भिंतीचा आणि हवेचा आहे, आणि त्याची दखल कोणत्याही माहितीपत्रकात नसते. चिरा सच्छिद्र असतो. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस जी भिंत सोसते तिच्यातून आत ओल उतरते, गिलाव्याला पोपडे येतात आणि त्याच भिंतीला चिकटून टीव्ही टांगला तर मागच्या बाजूला हवा न खेळता बुरशी आणि गंज यांना घर मिळते. टीव्ही आतल्या भिंतीशी ठेवावा, बाहेरच्या आणि त्यातही पश्चिम-दक्षिणेकडच्या भिंतीला लावू नये. जुन्या घरांत चिरे मातीच्या लेपात बसवलेले असतात, तेथे साधा खिळा किंवा प्लास्टिकची गुट्टी २० किलोंच्या आसपासचे ओझे भरवशाने धरत नाही. टांगायचाच असेल तर सांध्यात नव्हे तर चिऱ्याच्या मध्यावर लांब अँकर बसवून घ्यावेत, किंवा आधी लाकडाची जाड फळी अनेक ठिकाणी आवळून तिच्यावर ब्रॅकेट लावावा. आम्ही टांगलाच नाही. सागवानी बुटक्या टेबलावर ठेवला, त्यामुळे पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आला, मागे वारा राहिला आणि वायरी हाताशी राहिल्या. मात्र मोठ्या संचांचे पाय बहुधा दोन टोकांना असतात. दोन पायांमधले अंतर माहितीपत्रकात पाहून टेबलाची लांबी आधी मोजावी.

पावसाळ्यात आम्ही संच रोज थोडा वेळ तरी चालू ठेवला, कारण आतली ऊब ओल साठू देत नाही. महिनाभर बंद राहणाऱ्या घरांनी, विशेषतः पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या किनारी घरांनी, खाऱ्या हवेचाही विचार करावा. तेथे भाड्याने दिलेल्या बंद बंगल्यात महागडा संच ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या पावसानंतर पंखांचे किडे उजेडाकडे झेपावतात तेव्हा १००० निट्सचा पडदा त्यांना गावातला सर्वांत मोठा दिवा वाटतो. त्या दोन-तीन संध्याकाळी टीव्ही लवकर बंद करणे हाच इलाज. पडदा पुसायला किंचित ओलसर मऊ मायक्रोफायबर कापड पुरते. काच पुसायचे निळे द्रव वापरल्यास प्रतिबिंब अडवणारा लेप उतरण्याची भीती असते.

विजेविषयी एक गैरसमज पसरलेला आहे. बहुतेक आधुनिक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे दाब कमी झाला म्हणून त्यांना सहसा काही होत नाही आणि नुसत्या त्या कारणासाठी स्टॅबिलायझरची गरज नसते. खरी भीती अचानक उसळणाऱ्या दाबाची आणि विजेच्या लोळाची. मेअखेरीस आणि पुन्हा परतीच्या पावसात गडगडाट होतो तेव्हा वीज फक्त खात्याच्या तारांतून येते असे नाही, छपरावरच्या डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तेथून एचडीएमआयने टीव्हीतही शिरते. बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढावा, डिशची केबल काढावी, लॅनची वायरही काढावी. घराचे अर्थिंग जुने असेल तर नवा संच आणण्याच्या आधी ते तपासून घ्यावे, कारण अर्थिंगशिवाय सर्ज प्रोटेक्टरला करण्यासारखे फारसे उरत नाही.

विजेच्या बिलावर होणारा परिणाम मर्यादित आहे. १५० वॅट खाणारा संच रोज पाच तास चालला तर वर्षाला सुमारे २७५ युनिट होतात. प्रखरता वाढवली की खर्च वाढतो. रात्री ती निम्म्यावर आणली तर डोळ्यांनाही बरे वाटते. संचावरच्या बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) तारांकित पट्टीवर वार्षिक वापर छापलेला असतो, दोन संचांत तुलना करायला तोच आकडा घ्यावा.

किमतीचे आता. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधीचे भाव मनात धरून घासाघीस करण्यात अर्थ नाही. चतुर्थी आणि दिवाळीच्या आधी सवलती निघतात, पण त्याच काळात घरपोच पोचवणारी माणसे आणि जोडणी करणारे तंत्रज्ञ अतिशय गडबडीत असतात. सणाला टीव्ही हवाच असेल तर तो माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधण्याच्या आठवड्यात मागवू नये, महिनाभर आधी आणावा. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याजाइतकी सूट दिली जात असली तरी व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क ग्राहकालाच भरावे लागते, म्हणून रोखीचा भाव वेगळा विचारून घ्यावा. ऑनलाइन भाव आमच्या दुकानदाराच्या भावापेक्षा थोडा कमी होता. तरीही आम्ही दुकानातून घेतला, आणि त्याचे कारण दुरुस्तीची सोय. मोठी सेवा केंद्रे पणजी, पर्वरी, मडगाव, म्हापसा या पट्ट्यात एकवटलेली असतात; सत्तरी, सांगे, काणकोणच्या गावांत तंत्रज्ञ यायला वेळ लागतो, आणि तेव्हा ओळखीच्या दुकानदाराने केलेला एक फोन टोल-फ्री क्रमांकापेक्षा लवकर काम करतो. बिल करण्याआधी आपल्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती मिळते का आणि पॅनेलची हमी किती वर्षांची आहे, हे लेखी घ्यावे. पॅनेल फुटल्यास त्याचा खर्च नव्या संचाच्या जवळ जातो आणि आघाताने झालेली तूटफूट हमीत बसत नाही. म्हणूनच खोके गाडीत आडवे न झोपवता उभेच आणावे, ते उघडताना मोबाइलवर चित्रण करावे आणि पडदा चालू करून पाहिल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नये. आमच्याकडे पोचवायला आलेली मुले घाईत होती, पण पंधरा मिनिटे थांबवली तर थांबली.

संचातील प्रणालीविषयी थोडक्यात. सोनीच्या टीव्हींत गूगल टीव्ही, एलजीमध्ये वेबओएस, सॅमसंगमध्ये टायझन असते. रोजच्या वापरात तिन्ही पुरेशा आहेत आणि कालांतराने कोणतीही मंदावलीच तर चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावून काम भागते. या कारणावरून पॅनेलच्या निवडीत तडजोड करू नये.

पावसाळ्यानंतर हिशेब मांडला तर चित्राविषयी तक्रार नाही : दुपारच्या उजेडात बातम्या स्वच्छ दिसतात, रात्रीचा सिनेमा ओएलईडीइतका नाही तरी समाधानकारक दिसतो, पॅनेलवर ओलीचा किंवा डागाचा मागमूस नाही. उरलेली कटकट रिमोटची आहे. नव्या रिमोटवर अंकांची बटणे नाहीत, बाबांना वाहिनीचे क्रमांक तोंडपाठ, त्यामुळे सेट-टॉप बॉक्सचा रिमोट वेगळा ठेवावा लागतो. एचडीएमआय-सीईसी ही जोडलेली उपकरणे एकाच रिमोटने चालवण्याची सोय सुरू केल्यावर टीव्हीच्या रिमोटनेच साउंडबार चालू-बंद होऊ लागला आणि टेबलावरचे तीन रिमोट दोनांवर आले. हे दोन एकावर आणण्याचे प्रयत्न बाबांनीच थांबवले, कारण जुन्या रिमोटची बटणे त्यांना चष्म्याशिवाय सापडतात.